दुःख माणसाला मोठे करते काय?

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, आपल्या विद्यालयातून शिकून परिचारिका झालेल्या काही विद्यार्थिनींचा सत्कार करण्यात आला. सूत्रसंचालनाची जबाबदारी माझ्याकडे होती. पुष्पगुच्छ, संविधानाच्या उद्देशिकेची तसबीर, टाळ्या असा रीतसर कार्यक्रम चालू होता. त्यातील एकीचा परिचय करून देताना मी म्हणालो, "कोविडच्या अग्निपरीक्षेतून ही मुलगी तावून सुलाखून निघाली. त्या संकटाने तिला मोठे केले." अग्निपरीक्षा हा शब्द माझ्या तोंडी यावा, याचे मला नंतर वैषम्य वाटले. स्त्रीने आगीतून जाऊन आपले मोल सिद्ध करावे, ही कल्पना ज्या परंपरेने रुजवली, तिचा आपण जाणीवपूर्वक त्याग केला आहे. पण शब्द सवयीने येतात आणि शब्दांबरोबर विचारही येतात.

ती विद्यार्थिनी एका जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात अधिपरिचारिका आहे. वसतिगृहात असताना ती उत्तर ठाऊक असूनही वर्गात हात वर करीत नसे. त्या दिवशी मात्र तिने ध्वनिवर्धक हातात घेतला आणि शांतपणे सांगितले, "सर, रागावू नका, पण कोविडनं मला मोठं केलं नाही. कोविडनं माझी झोप नेली. मी आज इथं उभी आहे ती आमच्या विभागातल्या पाच जणींमुळे. रात्रपाळी संपली की कपडे बदलायच्या खोलीत आम्ही अर्धा तास बसायचो आणि रात्री काय झालं ते एकमेकींना सांगायचो. ते सांगणं नसतं तर मी नोकरी सोडली असती."

सभागृहात क्षणभर शांतता पसरली. नंतर टाळ्या झाल्या, पण त्या आधीच्या टाळ्यांहून कमी होत्या. आपण सर्वजण दुसरे काहीतरी ऐकायला बसलो होतो, हे त्या टाळ्यांनी सांगितले. मी इतिहासाचा शिक्षक आहे, मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तरी तिच्या उत्तराने मला हा विषय वाचायला आणि त्यावर विचार करायला भाग पाडले. आपल्या विद्यालयातील अनेक मुली आजही परिचर्येच्या शिक्षणाकडे वळतात. पालकही त्यांना प्रोत्साहन देतात, कारण या व्यवसायात कष्ट असले तरी स्वाभिमानाची भाकरी आहे. या मुलींना आपण कोणत्या विचारांची शिदोरी देऊन पाठवतो, हा प्रश्न म्हणून आपल्या सर्वांचा आहे.

प्रथम अपघात विभागातील काम समजून घेतले पाहिजे. रुग्णालयाच्या इतर कक्षांत रुग्ण येतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे कागद येतात, तपासण्या येतात, निदान येते. ज्या विभागाला आपण सारे 'कॅज्युअल्टी' म्हणतो, तेथे माणूस आधी येतो आणि कागद नंतर येतात. कोण आहे, काय झाले आहे, किती वेळ हाती आहे, यांपैकी काहीही ठाऊक नसताना परिचारिकेला पहिला हात लावावा लागतो. एप्रिल-मे २०२१ मधील दुसऱ्या लाटेत या विभागांच्या दारांत रुग्णवाहिका आणि रिक्षा यांच्या रांगा लागल्या. ऑक्सिमीटरवर साठ-पासष्टचा आकडा दाखवणारी माणसे नातेवाइकांच्या खांद्यावर मान टाकून येत होती. खाट एक आणि श्वास लागलेले तिघे, अशा वेळी निर्णय डॉक्टर घेत, पण तो निर्णय उरलेल्या दोघांच्या नातेवाइकांना तोंडाने सांगण्याची वेळ बहुधा सिस्टरवर येई.

संरक्षक पोशाख एकदा चढवला की सहा-आठ तास पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, मासिक पाळीच्या दिवसांतही सुटका नाही. मरणाऱ्याजवळ त्याचे कोणी नसे. शेवटचा हात परिचारिकेचा, आणि तोही रबरी हातमोज्यातला. मृताचे सामान प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले असे आणि त्या पिशवीत त्याचा भ्रमणध्वनी वाजत राही. आमची विद्यार्थिनी म्हणाली की मध्यरात्रीनंतर फोनची घंटा वाजली की अजूनही तिचे हात गार पडतात. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठ्याचा दाब घसरल्याने किमान २२ रुग्णांचा अंत झाला. त्या दिवशी त्या खाटांजवळ कोण धावत होते, याचा विचार आपण बातमी वाचताना क्वचितच केला असेल.

रुग्णालयाबाहेरचा अनुभव याहून निराळ्या जातीचा होता. अनेक शहरांत परिचारिकांना घरमालकांनी खोल्या रिकाम्या करण्यास सांगितले. शेजाऱ्यांनी सार्वजनिक नळावर येण्यास मनाई केली. ही वागणूक इतकी सार्वत्रिक झाली की केंद्र सरकारला २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आरोग्य कर्मचाऱ्यावरील हल्ल्याबरोबरच त्याच्या राहण्याच्या ठिकाणी होणारा छळही तीत गुन्हा ठरवण्यात आला. आपल्या वाचकांना यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही. स्पर्शाची भीती माणसाला किती लवकर माणसापासून तोडते आणि त्या भीतीला शास्त्राचा आधार मिळाला की ती किती निर्धास्त होते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यभर पाहिले आहे.

अशा अनुभवातून गेलेल्या माणसाच्या मनाचे पुढे काय होते? आघाताने मन मोडते, भीती, निद्रानाश, चिडचिड आणि पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या आठवणी मागे राहतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. याच्या जोडीला मानसशास्त्रात आणखी एक संकल्पना गेली तीस वर्षे अभ्यासली जात आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट येथील शाखेत काम करणारे रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी तिला 'आघातोत्तर वाढ' असे नाव दिले. १९९६ साली त्यांनी ही वाढ मोजण्यासाठी २१ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीव्र संकटातून गेलेली काही माणसे पाच दिशांनी बदललेली दिसतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. इतरांशी असलेले नाते अधिक जिव्हाळ्याचे होते. आयुष्यात नव्या वाटा दिसू लागतात. आपल्या सामर्थ्याची ओळख पटते. जगण्याच्या अर्थाविषयी अथवा श्रद्धेविषयी दृष्टी पालटते. आणि साध्या जगण्याचे मोल वाढते. महामारीच्या काळात आणि नंतर चीन, युरोप, अमेरिका यांसह अनेक देशांत परिचारिकांमध्ये या वाढीचा अभ्यास झाला आणि पुष्कळ जणींमध्ये तिची चिन्हे आढळली.

एवढेच वाचून थांबलो असतो तर माझे मेळाव्यातील वाक्य बरोबर होते, असा माझा समज झाला असता. पुढे वाचल्यावर तो राहिला नाही. या दोन्ही अभ्यासकांनी स्पष्टपणे मांडले आहे की वाढ आघातातून आपोआप निपजत नाही. ते भूकंपाची उपमा देतात. भूकंपाने घर पडते. भूकंप घर बांधत नाही. पडलेल्या घराच्या जागी माणूस नव्याने बांधकाम करतो, आणि त्यासाठी त्याला वेळ, साहित्य व सोबती लागतात. येथे घर म्हणजे जगाविषयीच्या आपल्या मूळ समजुती. मन लावून शुश्रूषा केली तर रुग्ण वाचतो, रुग्णालयात ऑक्सिजन असतोच, आपण माणसाला एकटे मरू देत नाही, अशा समजुतींवर परिचारिकेचे सारे काम उभे असते. त्या कोसळतात तेव्हा आठवणी मनात घुसखोरी करतात. हे पहिल्या प्रकारचे आठवणे छळणारे असते. दुसऱ्या प्रकारात माणूस त्या आठवणी हेतुपूर्वक समोर घेतो, त्यांचा अर्थ लावतो, ऐकणाऱ्यांपुढे बोलतो. वाढ झालीच तर या दुसऱ्या वाटेने होते. कपडे बदलायच्या खोलीतील तो अर्धा तास नेमका हेच काम करीत होता. जे संशोधकांनी ग्रंथांत मांडले ते आपल्या विद्यार्थिनीने तीन वाक्यांत सांगितले होते आणि मी ते ऐकण्याऐवजी टाळ्यांची वाट पाहत होतो.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. वाढ झाली म्हणजे जखम भरली, असा अर्थ होत नाही. एकाच माणसात दोन्ही एकत्र नांदतात. आमची विद्यार्थिनी आज नव्या परिचारिकांना शिकवते, न घाबरता वरिष्ठांशी बोलते, आणि तिला अजूनही नीट झोप लागत नाही. ही दोन्ही विधाने सारखीच खरी आहेत. शिवाय स्वतःविषयी "मी वाढले" असे सांगणे नेहमीच निखळ नसते. आंद्रेआस माएर्कर आणि तान्या झोल्नर या अभ्यासकांनी २००४ साली या वाढीला रोमन दंतकथेतील जानुस या दोन तोंडांच्या देवतेची उपमा दिली. एक तोंड खऱ्या परिवर्तनाचे, दुसरे स्वतःची समजूत घालण्याचे. समजूत घालणे हा काही गुन्हा नाही, काही दिवस माणसाला तीच तारून नेते. मात्र रुग्णालयाचे प्रशासन आणि समाज जेव्हा त्या समजुतीचा आधार घेऊन स्वतःची सुटका करून घेतात, तेव्हा सावध झाले पाहिजे.

या अभ्यासांच्या मर्यादेविषयी इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक शंका येते. प्रश्नावली कोणाच्या हाती दिली जाते? जी नोकरीत टिकली तिच्या. जी सोडून गेली, आजारी पडली, मरण पावली, तिचे उत्तर बेरजेत येत नाही. परिचारिकेला निदान प्रश्न तरी विचारला गेला. ज्याने कक्षातील लादी पुसली, जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या उचलल्या, शवागारात प्रेते बांधली, त्या सफाई कामगाराच्या मनाची वाढ झाली की खच्चीकरण, हे मोजण्यासाठी त्याच्यापर्यंत कितीजण गेले? तो कोणत्या वस्तीतून येतो, हे आपणास माहीत आहे.

येथे आपण आपल्या मूळ विचाराकडे येतो. दुःखाने माणूस उन्नत होतो, हा विचार ऐकायला गोड आहे. आपल्या समाजाने त्याची किंमत मोजली आहे. सेवा हाच तुमचा धर्म, सोसणे हीच तुमची साधना, आज सोसाल तर पुढच्या जन्मी वर चढाल, असे सांगून पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतले गेले. सोसणाऱ्याचा गौरव ही व्यवस्था टिकवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे, कारण गौरवाला पैसे पडत नाहीत आणि गौरव स्वीकारलेल्या माणसाला तक्रार करताना संकोच वाटतो. परिचर्या या व्यवसायाचा भारतातील इतिहासही याच विचाराने झाकोळलेला आहे. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावणे विटाळाचे मानले गेले. बाळंतपणासारखी अटीतटीची वेळ सांभाळणारी सुईण अनेक भागांत अस्पृश्य मानलेल्या जातींतील असे. आईला आणि बाळाला वाचवणारे हात काम झाल्यावर पुन्हा उंबऱ्याबाहेर जात. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला, तेव्हा या देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. या तुटवड्याला दारिद्र्य आणि शिक्षणाचा अभाव जबाबदार होताच, आणि त्याबरोबर विटाळाची कल्पनाही होती.

तथागतांनी या विटाळाला दिलेले उत्तर विनयपिटकाच्या महावग्गात नोंदलेले आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून इतर भिक्खू त्याची देखभाल करीत नव्हते. बुद्ध आनंदासह तेथे गेले. त्यांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून अंथरुणावर निजवले. नंतर संघाला एकत्र बोलावून, येथे तुम्हाला ना आई आहे ना बाप, तेव्हा एकमेकांची काळजी तुम्हीच घेतली पाहिजे, अशा आशयाचा उपदेश केला. याच प्रकरणात रुग्णाची सेवा करणाऱ्याच्या अंगी असावयाच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे, पथ्य-कुपथ्य कळले पाहिजे, लाभाच्या आशेऐवजी मैत्रीने सेवा करता आली पाहिजे, मलमूत्राची व वांतीची किळस येता कामा नये आणि धम्माच्या बोलांनी रुग्णाला धीर देता आला पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी ज्ञानाच्या आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. बुद्धाने परिचर्येत कौशल्य आणि करुणा दोन्ही पाहिली. मुख्य म्हणजे ही जबाबदारी एखाद्या जातीवर अथवा एखाद्या त्यागी व्यक्तीवर न टाकता त्यांनी ती साऱ्या संघावर टाकली. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धाच्या रुग्णांविषयीच्या आस्थेला स्वतंत्र स्थान दिले आहे.

दुःखाविषयी बाबासाहेबांची दृष्टी आपण नीट समजून घेतली पाहिजे. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांविषयी धाडसी प्रश्न विचारला आहे. सारे जीवन दुःखमय आहे एवढाच धम्माचा संदेश मानला तर तो माणसाला निराशेकडे नेईल, ही त्यांची चिंता होती. म्हणून दुःखाच्या अस्तित्वाची ओळख आणि दुःखाच्या निवारणाचा आग्रह, या दोन पायांवर त्यांनी धम्म उभा केला. दुःख सहन करण्याची शक्ती वाढवणे हे या मांडणीत ध्येय नाही. दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, हे ध्येय आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाचा पुरस्कार करणारे बाबासाहेब आणि मजूरमंत्री या नात्याने, १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणाऱ्या दुरुस्तीचा पाठपुरावा करणारे बाबासाहेब यांनी कामगार स्त्रीला सहनशीलतेचा उपदेश केला नाही. त्यांनी तिचे तास आणि तिची रजा कायद्यात लिहून घेतली.

इतिहासाचे दाखलेही हेच सांगतात. १८९७ च्या प्लेगचा पुण्यातील इतिहास शिकवताना आपण रँड आणि चाफेकर यांच्यापाशी बराच वेळ थांबतो. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले आपला डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगग्रस्तांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबईच्या आरोग्य खात्याने जातवार मृत्युदर नोंदवले. युरोपियनांमध्ये तो दर हजारी ८.३ होता आणि ज्यांना त्या अहवालात खालच्या जातींचे हिंदू म्हटले होते त्यांच्यात ६१.६. विषाणू तोच, शहर तेच, हवा तीच. फरक चाळींचा, पाण्याचा, अन्नाचा आणि शुश्रूषेचा होता. साथ सर्वांना समान लेखते, हे वाक्य या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. आणि त्या साथीत ज्या स्त्रियांनी हजारोंच्या तोंडात पाणी घातले, त्यांची साक्ष आपल्याकडे जवळजवळ नाही. अहवाल अधिकाऱ्यांचे आहेत, आठवणी प्रतिष्ठितांच्या आहेत.

आता अलीकडच्या दोन मे महिन्यांची तुलना करू. ३ मे २०२० रोजी वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी देशभरातील रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. ते वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि प्रसविका यांचे वर्ष म्हणून जाहीर केलेले होते. त्या फुलांमागील कृतज्ञता खोटी होती, असे मी म्हणणार नाही. बरोबर दोन वर्षांनी, मे २०२२ मध्ये, महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांतील परिचारिका काम बंद ठेवून उन्हात उभ्या होत्या. पदे कंत्राटदारामार्फत भरू नयेत, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१६ साली केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि लहानात लहान रुग्णालयातही ते २०,००० रुपयांपेक्षा कमी असू नये, असे त्या सांगतात. या शिफारशी अजून सर्वत्र पगारपत्रकात उतरलेल्या नाहीत.

माझे मुख्य म्हणणे येथे आहे. परिचारिकेची वाढ धीर, हसतमुखपणा आणि अधिक सेवा या रूपांत दिसली की आपण तिचे कौतुक करतो. तीच वाढ प्रश्न विचारण्याच्या रूपात दिसली की तिला उद्धटपणा किंवा बेशिस्त म्हणतो. आमच्या विद्यार्थिनीने मला सांगितले की महामारीनंतर तिच्यात झालेला सर्वांत मोठा बदल म्हणजे ती आता बिघडलेले यंत्र चालू स्थितीत मिळाल्याची सही करीत नाही. ते यंत्र बंद आहे, असे ती लेखी कळवते. पूर्वी ती निमूटपणे सही करीत असे. "त्या रात्रींनंतर सही करताना मला माणसं दिसतात," ती म्हणाली. आत्मसामर्थ्याची जाणीव हा वाढीच्या पाच दिशांपैकी एक असेल, तर ती लेखी तक्रार हे त्या वाढीचे सर्वांत स्वच्छ प्रमाण आहे. सेवा जिल्हा रुग्णालयातील असो वा खासगी, जी संस्था आपल्या परिचारिकांच्या अशा कागदाला उत्तर देते, तीच त्यांच्या वाढीचा खरा सन्मान करते.

एक आक्षेप येथे घेतला जाईल. वाढीच्या बोलण्याने परिचारिकांना उमेद मिळत असेल तर त्यात मिठाचा खडा का टाकावा? आक्षेप रास्त आहे. उमेद हिरावून घेणे हा माझा हेतू नाही. किसा गोतमीची कथा आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती बुद्धाकडे आली, तेव्हा बुद्धाने तिला दुःख हे तुझ्या भल्यासाठी आहे असे सांगितले नाही. ज्या घरात मृत्यू झाला नाही अशा घरातून मोहरी आणण्यास सांगितले. ती दारोदार गेली आणि प्रत्येक दारात तिला तिच्यासारखे कोणीतरी भेटले. तिचे मन सावरले ते त्या उंबऱ्यांवरच्या बोलण्याने. तेव्हा उमेद द्यायची असेल तर ती बोलण्याच्या जागा निर्माण करून द्यावी लागते. "तू वाढलीस" हा निर्णय तिच्या वतीने आपण सुनावू नये. तो शब्द उच्चारण्याचा अधिकार तिचा आहे, आणि न उच्चारण्याचाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यालयाच्या व्यवस्थापनापुढे आणि माजी विद्यार्थी संघापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, दरवर्षी १२ मे रोजी, आंतरराष्ट्रीय परिचारिका दिनी, आपल्या परिसरातील परिचारिका, वॉर्डातील मदतनीस आणि सफाई कामगार यांच्यासाठी विहाराचे सभागृह दिवसभर मोकळे ठेवावे. त्या दिवशी भाषणे नकोत आणि सत्कारही नको. त्यांनी आपसात बोलावे आणि आपण चहापाणी व जेवणाची व्यवस्था पाहावी. ज्यांना समुपदेशनाची अथवा उपचारांची गरज आहे त्यांना तज्ज्ञांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी संघाने घ्यावी. मैत्रिणींचे बोलणे मोलाचे असले तरी ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी, ग्रंथालयात 'महामारीच्या साक्षी' असा एक विभाग सुरू करावा. ज्यांना इच्छा असेल त्यांनी आपला अनुभव आपल्या शब्दांत लिहून द्यावा. लिहिणे जड जात असेल तर आमच्या अकरावी-बारावीच्या मुलांनी तो ऐकून लिहून घ्यावा आणि वाचून दाखवून त्यांची संमती घ्यावी. १९१८ बाबत जी पोकळी राहिली ती २०२० बाबत राहू नये. शंभर वर्षांनी एखादा विद्यार्थी या महामारीचा इतिहास लिहील, तेव्हा त्याला हेलिकॉप्टरची छायाचित्रे सहज सापडतील. कपडे बदलायच्या खोलीतील तो अर्धा तासही त्याला सापडला पाहिजे.

तिसरी सूचना आम्हा शिक्षकांसाठी आहे. परिचर्येकडे वळणाऱ्या मुलींना आम्ही त्यागाच्या गोष्टी सांगतो. त्याबरोबर नियुक्तीपत्र कसे वाचावे, कंत्राटी आणि नियमित पदांत काय फरक असतो, तक्रार लेखी का द्यावी आणि तिची पोच का जपावी, संघटनेचे सभासद होणे म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. करुणा आणि हक्काची जाण या दोन गोष्टी आपल्या परंपरेत परस्परविरोधी कधीच नव्हत्या.

दुसरी सूचना मी त्या विद्यार्थिनीला आधी बोलून दाखवली होती. दुसऱ्या लाटेत तिने एक छोटी वही ठेवली होती. आपल्या पाळीत आलेल्यांची नावे, वेळ आणि नातेवाइकांचे क्रमांक ती तीत टिपत असे, म्हणजे सकाळी कोणी विचारायला आले तर उत्तर देता यावे. ती वही ग्रंथालयासाठी देशील का, असे मी विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही सर. त्यातली नावं माझी नाहीत. ती त्यांच्या घरच्यांची आहेत. पण माझं जे आहे ते मी लिहून देईन. फक्त त्याला सत्काराच्या कार्यक्रमात वाचू नका."

मी तिला तसा शब्द दिला आहे. संस्थेनेही तो पाळावा, एवढीच विनंती करून लेखणी खाली ठेवतो. जय भीम.